बॅलार्ड पिअर ते येनान

१ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून पी अँड ओ कंपनीची 'राजपुताना' ही आगबोट पूर्वेकडे निघाली. सुमारे साडेसोळा हजार टनांची ही बोट टपालाची व उतारूंची. युद्धाशी तिचा काही संबंध नव्हता. सात वर्षांपूर्वी, १९३१ च्या ऑगस्टअखेरीस, महात्मा गांधी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेले ते याच बोटीने. या खेपेस तिच्या उतारूंत पाच हिंदी डॉक्टर होते, आणि त्यांच्याबरोबर औषधांच्या पेट्या, शस्त्रक्रियेची उपकरणे व एक रुग्णवाहिका असा सरंजाम होता. निरोप देण्यासाठी सरोजिनी नायडू धक्क्यावर आल्या होत्या. पथकाचे गंतव्य होते चीन, जेथे जपानी आक्रमणाला वर्ष उलटून गेले होते.

त्या पाच जणांपैकी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव ऐकले नाही, असा मराठी शाळेत शिकलेला माणूस विरळा. परंतु शाळेत सांगितल्या जाणाऱ्या त्या गोष्टीत प्रवास एका वाक्यात संपतो: डॉक्टर बोटीने चीनला गेले. पुढच्या वाक्यात ते रणभूमीवर जखमींच्या उशाशी उभे असतात. प्रत्यक्षात मुंबई सोडल्यापासून सोळाव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, पथक कँटनला पोचले. आणि कँटनहून येनानला, म्हणजे ज्यांनी साद घातली होती त्यांच्या मुख्य ठाण्यावर, पोचायला त्याला आणखी १४८ दिवस लागले. समुद्र पंधरवड्याचा आणि जमीन पाच महिन्यांची, हे प्रमाण नकाशात दिसत नाही. युद्धग्रस्त प्रदेशाला जलमार्गाने साहाय्य पाठवणे म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर या विषम प्रमाणापाशीच थांबावे लागते.

लखनौच्या इंदिरा नगरात किंवा शहराच्या अन्य भागांत स्थायिक झालेल्या मराठी वाचकाला या हकीकतीचे दोन धागे आपल्याच गावात सापडतील. पहिला धागा १९१२ चा. बाल्कन युद्धात तुर्की सैन्याची दैना झाली, तेव्हा डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानातून एक वैद्यकीय पथक लोकवर्गणीतून रवाना झाले. तेही मुंबईहून, बोटीने, डिसेंबर महिन्यात. त्या पथकात पुढे लखनौच्या राजकारणात गाजलेले चौधरी खलीकुज्जमाँ होते. तेव्हा ते अलीगढचे विद्यार्थी होते. परक्या देशातील जखमींसाठी वर्गणी गोळा करायची, डॉक्टर व स्वयंसेवक निवडायचे आणि त्यांना मुंबईच्या धक्क्यावरून धाडायचे, हा परिपाठ १९३८ मध्ये नवा नव्हता. त्याला सव्वीस वर्षांपूर्वीचा दाखला होता.

दुसरा धागा एप्रिल १९३६ चा. त्या महिन्यात लखनौला काँग्रेसचे अधिवेशन भरले. आज जेथे इंदिरा नगरची दाट वस्ती आहे तेथे ती तेव्हा नव्हती. अध्यक्षपदावरून बोलताना जवाहरलाल नेहरूंनी हिंदुस्थानचा प्रश्न जगातील साम्राज्यशाही आणि फॅसिझमविरुद्धच्या लढ्याचा भाग आहे, असे निक्षून मांडले. अनेक प्रतिनिधींना ते फार दूरचे बोलणे वाटले असावे. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, अशी ज्यांची भावना झाली त्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही. तथापि त्या अधिवेशनातून एक टिकाऊ गोष्ट निघाली: काँग्रेसचा परराष्ट्र विभाग. अलाहाबादच्या कचेरीत तरुण राममनोहर लोहिया त्याचे काम पाहू लागले. ज्या पक्षाच्या हाती स्वतःच्या देशाची सत्ता नव्हती त्याने परदेशांशी पत्रव्यवहाराचे दप्तर उघडावे, हे धाडसच होते. पण चीनमधून मदतीची हाक आली तेव्हा ती ऐकणारे कोणीतरी होते, ते या तयारीमुळे.

ती हाक आली नोव्हेंबर १९३७ मध्ये. ७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलापाशी चकमक झाली आणि तिचे पाहता पाहता पूर्ण युद्धात रूपांतर झाले. शांघाय पडले, डिसेंबरात नानकिंग पडले आणि तेथे जो नरसंहार झाला त्याने जग हादरले. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती च्यू तेह यांनी नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्याची विनंती केली. अमेरिकन लेखिका ॲग्नेस स्मेडली यांनीही तीच विनंती केली. सैन्यात जखमींची संख्या अफाट होती आणि शिकलेले डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके.

१९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात सुभाषचंद्र बोस अध्यक्ष झाले आणि नेहरू जूनमध्ये युरोपला गेले, त्यामुळे पथकाची जुळवाजुळव बोस यांच्याकडे आली. युद्धाचा पहिला वर्षदिन साधून ७ ते ९ जुलै १९३८ हे तीन दिवस देशभर चीनसाठी निधी गोळा करण्यात आला आणि बावीस हजार रुपये जमले. आजच्या वाचकाला हा आकडा किरकोळ वाटेल. ज्या देशात स्वतःच्या खेड्यांत दवाखाना नव्हता, तेथील माणसांनी आण्या-रुपयांनी हा निधी उभा केला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे वजन कळते. आणि तरीही, एका महायुद्धाच्या तोंडावर बावीस हजार रुपये आणि पाच डॉक्टर म्हणजे कितीसे? हा प्रश्न त्या काळीही विचारण्याजोगा होता, आजही आहे. त्याचे उत्तर पुढे घडलेल्या गोष्टींतच शोधावे लागते.

पैशापेक्षा कठीण होती परवानगी. जलमार्गाने मदत धाडणाऱ्याला किमान तीन दारे ओलांडावी लागतात: निघण्याच्या देशाचे, समुद्राचे आणि उतरण्याच्या बंदराचे. पहिले दार ब्रिटिश सरकारच्या हाती होते. कलकत्त्याचे डॉ. रणेन सेन यांची निवड झाली होती. परंतु त्यांच्या राजकीय पूर्वेतिहासामुळे त्यांना पासपोर्ट नाकारण्यात आला आणि त्यांच्या जागी डॉ. बिजयकुमार बसू यांना घ्यावे लागले. दुसऱ्या देशातील जखमींवर मलमपट्टी करायला कोणी जावे, हेसुद्धा हिंदी जनतेला स्वतः ठरवता येत नव्हते.

दुसरे दार समुद्राचे, आणि त्याची कथा विलक्षण आहे. १९३७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात जपानी आरमाराने चीनच्या किनाऱ्याची नाकेबंदी जाहीर केली होती. वरकरणी पाहता अशा किनाऱ्याकडे औषधे घेऊन जाणारी बोट अडवली जायला हवी. पण जपानने या युद्धाला कधी युद्ध म्हटलेच नाही. त्याच्या सरकारी भाषेत ते केवळ 'चीन प्रकरण' होते. रीतसर युद्ध पुकारले असते तर अमेरिकेसारख्या देशांकडून होणाऱ्या मालाच्या खरेदीवर गदा आली असती, म्हणून ही शब्दांची कसरत. तिचा एक परिणाम असा झाला की, युद्धमान राष्ट्राला तटस्थ देशांच्या बोटी थांबवून झडती घेण्याचा जो हक्क मिळतो तो जपानला उघडपणे सांगता येईना. नाकेबंदी फक्त चिनी जहाजांपुरती राहिली. ब्रिटिश निशाणाची टपालबोट हाँगकाँगला, म्हणजे ब्रिटिश वसाहतीलाच, जात असेल तर तिला अडवणार कोण? ज्या साम्राज्याने रणेन सेनांना घरी बसवले त्याच साम्राज्याच्या निशाणाने उरलेल्या पाचांना निर्धोक नेले. या दोन गोष्टी एकाच महिन्यांच्या आहेत.

समुद्राचे दार बंद असले म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या देशाच्या अलीकडच्या इतिहासात आहे. ३ जून १९८७ रोजी रामेश्वरहून १९ नौका रेडक्रॉसच्या आश्रयाने अन्न व औषधे घेऊन वेढ्यात सापडलेल्या जाफन्याकडे निघाल्या. श्रीलंकेच्या आरमाराने त्यांना वाटेत रोखले. बराच काळ बोलणी झाली आणि नौका भरल्या मालानिशी माघारी आल्या. दुसऱ्या दिवशी भारतीय हवाई दलाच्या पाच एएन-३२ विमानांनी, लढाऊ विमानांच्या संरक्षणात, जाफन्यावर मदतसामग्री टाकली. पाल्कच्या सामुद्रधुनीचे अंतर मुंबई-हाँगकाँगच्या मानाने नगण्य आहे. पण संमती नव्हती, म्हणून काही तासांची वाट पार झाली नाही, आणि विमाने गेली तेव्हा तो साहाय्याइतकाच सामर्थ्यप्रदर्शनाचाही विषय झाला. १९३८ च्या पथकाला या दुसऱ्या दाराची फट अनपेक्षितपणे उघडी मिळाली.

पथकाचे प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदन अटल. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने त्यांनी वैद्यकीय काम केलेले होते. त्यामुळे युद्धभूमीवरील शस्त्रक्रियेचा अनुभव असलेले ते पथकातील एकमेव म्हणता येतील. उपप्रमुख नागपूरचे डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर, वयाने व अनुभवाने ज्येष्ठ. कलकत्त्याचे डॉ. देबेश मुखर्जी आणि उपर्युक्त डॉ. बसू. आणि पाचवे कोटणीस.

चोळकरांविषयी दोन शब्द येथे अवश्य लिहायला हवेत, कारण मराठी वाचकानेच त्यांना विसरून टाकले आहे. उतारवयाकडे झुकलेल्या, गावात जम बसलेल्या डॉक्टरने आपला व्यवसाय सोडून परमुलखाच्या युद्धात जावे, हे सत्ताविशीतल्या तरुणाने जाण्यापेक्षा कमी नाही. कदाचित काही बाबतींत अधिक आहे. प्रकृती साथ देईना म्हणून ते १९३९ मध्येच परतले. परत आलेल्यांच्या वाट्याला दंतकथा येत नाही.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. ते गाव गिरण्यांचे आणि मे १९३० नंतर मार्शल लॉचेही. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा हे चौघे जानेवारी १९३१ मध्ये फासावर गेले, तेव्हा द्वारकानाथ वीस वर्षांचा होता. पुढे तो मुंबईच्या शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या संस्थेत, शिकला. या महाविद्यालयाच्या देणगीदारांनी देणगी देतानाच अट घातली होती की, अध्यापक हिंदी असावेत आणि सरकारी नोकरीतले नसावेत. सरकारी वैद्यकीय सेवेच्या वरच्या जागा गोऱ्यांसाठी राखीव असल्यासारख्या असताना ही अट म्हणजे एक शांत बंडच होते. अशा संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणाने पदव्युत्तर अभ्यासाची वाट सोडून चीनच्या पथकासाठी अर्ज केला, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. वडील शांतारामपंत यांनी मुलाला अडवले नाही.

बोटीने कोलंबो, पेनांग, सिंगापूर अशी पूर्वेच्या टपालमार्गावरील नेहमीची बंदरे घेत हाँगकाँग गाठले. हाँगकाँगला त्या वर्षी आलेले महत्त्व समजून घेतले पाहिजे. शांघाय जपानच्या हाती गेल्यावर चीनला बाहेरून येणाऱ्या मालाचे मुख्य दार हेच उरले होते. येथून माल कँटनला जाई आणि १९३६ मध्ये पूर्ण झालेल्या कँटन-हँकौ रेल्वेने देशाच्या पोटात शिरे. जपानी विमाने म्हणूनच या लोहमार्गावर आणि कँटन शहरावर सतत बाँब टाकत होती. १९३८ च्या उन्हाळ्यातील हल्ल्यांत कँटनमध्ये हजारो नागरिक मेले. हाँगकाँगमध्येच जून १९३८ मध्ये सन यत् सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी चीन संरक्षण संघ स्थापन केला होता. परदेशांतून येणारा निधी व औषधे सरकारी दप्तरांत न अडकता प्रतिकार करणाऱ्या दुर्गम प्रदेशांपर्यंत जावीत, हा त्या संघाचा हेतू. मदत पाठवणाऱ्याइतकाच ती स्वीकारून पुढे नेणारा विश्वासू माणूस लागतो, हे त्या बाईंनी अचूक ओळखले होते. १७ सप्टेंबरला कँटनमध्ये हिंदी पथकाचे स्वागत करायला त्या स्वतः उभ्या होत्या.

कँटनहून पथक रेल्वेने उत्तरेकडे निघाले आणि सप्टेंबरअखेरीस हँकौला पोचले. त्यानंतर काय घडले त्याच्या तारखा एकापाठोपाठ एक ठेवून पाहाव्यात. १२ ऑक्टोबरला जपानी फौजा कँटनच्या पूर्वेस बायस उपसागरात उतरल्या. २१ ऑक्टोबरला कँटन पडले. २५ ऑक्टोबरला हँकौ पडले. म्हणजे पथक कँटनमध्ये उतरल्यापासून अवघ्या पंचवीस दिवसांनी शत्रू त्या किनाऱ्यावर होता, आणि पाच आठवड्यांत ज्या बंदरातून ते आले ते दार कायमचे लागले. मुंबईत पासपोर्टांचा घोळ आणखी महिनाभर लांबला असता तर रुग्णवाहिका आणि पेट्या हाँगकाँगच्या गुदामात पडून राहिल्या असत्या. इतिहासात योगायोगाला फार मान देऊ नये हे खरे, पण येथे तो नाकारता येत नाही.

हँकौ सोडून पथक यांगत्से नदीच्या वरच्या अंगाला इचांगला आणि तेथून चुंगकिंगला गेले. चीनची राजधानी आता तेथे हलली होती. या काळात डॉक्टर रिकामे बसले नव्हते. रेडक्रॉसच्या व सरकारी रुग्णालयांत त्यांनी काम केले. पण त्यांना जायचे होते वायव्येला, येनानला. कागदोपत्री राष्ट्रीय सरकार आणि कम्युनिस्ट यांची जपानविरुद्ध एकजूट होती. व्यवहारात एकाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत डॉक्टर आणि औषधे जाणे सरकारला रुचत नव्हते. हे तिसरे दार. ते बंदरावर नसते. मदत घेणाऱ्या देशाच्या आत, त्याच्या आपसांतल्या भांडणात असते, आणि त्याची किल्ली बाहेरच्या कोणाकडेही नसते.

चुंगकिंगमधील मुक्कामात पाचही जणांना चिनी नावे मिळाली. प्रत्येक नावाच्या शेवटी चीनचे वाचक 'हुआ' हे अक्षर जोडलेले होते. कोटणीस झाले 'के दिहुआ'. याच मुक्कामात त्यांना वडील वारल्याचे कळले. सहकाऱ्यांनी त्यांना घरी परतण्याचा सल्ला दिला. घरात आई होती, भावंडे होती, आणि परत येण्याचा रस्ता अजून पूर्ण मिटलेला नव्हता. शिवाय ज्या कामासाठी आले ते काम सुरूही झाले नव्हते. तेव्हा परतण्याला कोणी माघार म्हटले नसते. कोटणीस थांबले. या निर्णयाचे गोडवे गाणे सोपे आहे. सोलापूरच्या घरात त्याचा अर्थ काय झाला असेल, याचा विचार मात्र चरित्रकार क्वचितच करतात. वडिलांचे अंत्यदर्शन नाही, त्यांच्यामागे घराचा भार उचलायला हा मुलगा नाही, आणि पत्र पोचेल की नाही याचीही शाश्वती नाही. समुद्रापार मदत पाठवणाऱ्या देशात अशी काही घरे असतात, ज्यांनी दिलेली वर्गणी कोणत्याही निधीच्या हिशेबात येत नाही.

जानेवारी १९३९ मध्ये परवानगी मिळाली. शीआनमार्गे प्रवास करत १२ फेब्रुवारीला पथक येनानला पोचले. बाँबहल्ल्यांनी गाव उद्ध्वस्त केले होते आणि लोक पिवळ्या मातीच्या टेकड्यांत कोरलेल्या गुहांत राहत होते. रुग्णालयही गुहांतच होते. तेथे माओ त्से तुंग यांनी त्यांचे स्वागत केले. काही महिन्यांनी चोळकर आणि पाठोपाठ आजारी मुखर्जी स्वदेशी निघाले. उरलेले तिघे १९३९ च्या अखेरीस आघाडीकडे, ताइहांग पर्वतातील च्यू तेह यांच्या छावणीत गेले. ज्या सेनापतीने नोव्हेंबर १९३७ मध्ये पत्र लिहिले त्याच्यासमोर हिंदी डॉक्टर उभे राहिले, तोपर्यंत दोन वर्षे उलटली होती. पुढे अटलही प्रकृतीमुळे परतले. राहिले बसू आणि कोटणीस.

आणि मुंबईहून आणलेली सामग्री? तिची गत कोणत्याही मदतसामग्रीची होते तीच झाली, ती संपली. आघाडीवरची परिस्थिती समजण्यासाठी एकच उदाहरण पुरे आहे. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून याच प्रदेशात काम करत होते. शस्त्रक्रिया करताना त्यांचे बोट कापले, जखमेत विष भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते मरण पावले. रबरी हातमोजे नव्हते. जगातील कोणत्याही शहरी रुग्णालयात वापरून फेकली जाणारी ती वस्तू जपानी वेढा आणि सरकारी अडवणूक ओलांडून त्या डोंगरांपर्यंत पोचू शकली नव्हती. तेथे मलमपट्ट्या धुऊन पुन्हा वापरल्या जात आणि पुष्कळ साधने गावच्या सुताराकडून व लोहाराकडून करून घ्यावी लागत.

कोटणीस १९४० मध्ये ज्या शान्सी-चाहार-होपै सीमाप्रदेशात गेले तो हाच. त्या वर्षीच्या उत्तरार्धात कम्युनिस्ट सेनेने मोठी मोहीम उघडली तेव्हा त्यांच्याकडे आठशेहून अधिक जखमी आले, आणि सलग ७२ तास न झोपता त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, असे त्यांच्या चरित्रांत सातत्याने सांगितले जाते. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे ते संचालक झाले. रुग्णालय म्हणजे होपै प्रांताच्या डोंगराळ भागातील खेड्यांत पसरलेली घरे. शत्रू जवळ आला की रुग्णांसह हलायचे. यातील सर्वांत मोलाची गोष्ट शस्त्रक्रियांच्या संख्येत नाही. ते चिनी भाषा शिकले, तीत बोलू-वाचू लागले, तीत व्याख्याने देऊ लागले आणि विद्यार्थ्यांसाठी शल्यचिकित्सेचे पाठ्यपुस्तक लिहायला बसले. औषधाची पेटी एकदाच उघडते. शिकवलेला विद्यार्थी दहा गावांत जातो. बावीस हजार रुपयांत काय साधले, या मघाच्या प्रश्नाला काही उत्तर असेल तर ते त्या डोंगरातल्या वर्गात आहे. मात्र तेवढ्याने हातमोज्यांची उणीव भरून निघाली असे कोणी म्हणू नये.

नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांनी परिचर्येचे शिक्षण देणाऱ्या क्वो चिंग-लान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. सेनापती न्ये रुंग-चन यांनी त्याचे नाव 'यिनहुआ' ठेवले: 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन.

दरम्यान मागचा समुद्र एकेका टप्प्याने बंद होत होता. १९४० च्या जुलैत जपानच्या दडपणाखाली ब्रिटनने रंगूनच्या बाजूचा बर्मा रोडही तीन महिन्यांसाठी बंद केला. एप्रिल १९४१ मध्ये 'राजपुताना' बुडाली. युद्धासाठी तिच्यावर तोफा बसवल्या होत्या, आणि आइसलँडजवळच्या पाण्यात जर्मन पाणबुडीने तिला टिपले. डिसेंबर १९४१ मध्ये हाँगकाँग पडले, फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर, पुढच्याच महिन्यात रंगून. कोटणीस ज्या बंदरांना शिवून आले होते त्यांपैकी पूर्वेकडचे प्रत्येक बंदर आता जपानच्या ताब्यात होते. त्यांना परतायचे असते तरी आलेल्या वाटेने परतणे शक्य नव्हते.

अपुरे अन्न, सततची धावपळ आणि श्रम यांनी शरीर पोखरले होते. अपस्माराचे झटके येऊ लागले होते. बरी शुश्रूषा मिळेल अशा ठिकाणी जाण्याचा आग्रह झाला, तो त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. पाठ्यपुस्तकाचा दुसरा भाग अपुरा राहिला. येनानच्या शोकसभेसाठी माओंनी जो संदेश लिहिला त्यात सेनेचा एक हात आणि राष्ट्राचा एक मित्र गेला, अशा आशयाचे शब्द होते.

१९४३ मध्ये डॉ. बसू भारतात परतले आणि पथकाची समग्र हकीकत प्रथमच देशाला कळली. तीवरून ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ, 'आणि एक परत आला नाही'. त्याच आधारावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. पाच जणांचे पथक लोकांच्या स्मरणात एका माणसाचे झाले, ते तेव्हापासून. चित्रपटाला एकच नायक लागतो, हे समजण्यासारखे आहे. इतिहासलेखनाने तीच सवय का उचलावी, हे मात्र कळत नाही.

बसू पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तेथे सुयांनी उपचार करण्याची जुनी चिनी पद्धत शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी ती रुजवली. त्या वेळचा माल उलट दिशेने आला, असे म्हणायला हरकत नाही. यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये, पंचविशीच्या आत, मरण पावला. क्वो चिंग-लान मात्र दीर्घायुषी झाल्या. त्या भारतात अनेकदा आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या, आणि २०१२ मध्ये वारल्या. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी सोलापुरात कोटणीसांच्या जन्मघरातील स्मारक लोकांसाठी खुले झाले होते. चीनमध्ये त्यांची समाधी शिच्याच्वांग शहरातील हुतात्म्यांच्या दफनभूमीत आहे. त्याच आवारात बेथ्यून यांचीही आहे. नागपूरच्या डॉ. चोळकरांचे नाव शोधायचे असेल तर निघतानाच्या त्या पाच जणांच्या यादीतच शोधावे लागते.